चौथी थाप

प्रिय खिजर,

तर ठीक आहे, द्वारपाल चुकला. मान्य. वर्षभर मी तुझ्याशी यावरून भांडलो, बाळासोंच्या रद्दीच्या गोडाऊनमध्ये भांडलो, तुझ्या गाडीवर मागं बसून वाऱ्यात ओरडत भांडलो, आणि आज सरळ लिहून देतोय. 'लँटर्न्स ऑफ ओम्ब्रथ'च्या दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर सर डोरव्हिन जखमी होऊन ओम्ब्रथच्या दाराशी येतो. ठरलेल्या चार थापांऐवजी त्याच्या हातून तीनच पडतात, आणि आतला द्वारपाल नियम म्हणून दार उघडत नाही. पुस्तक तिथंच संपतं. मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम, बाहेर शत्रूपण असू शकतो. तू म्हणायचास, "तीन ऐकू आल्या न्हवं? मग चौथीसाठी दाराला कान लाव की. न्हायतर आतनं इचार, कोण हाय म्हणून. त्येला काय तोंड न्हवतं व्हय?" मला तेव्हा वाटायचं, तुला फँटसीचं लॉजिक कळत नाही. आपण पाच महिने बोललेलो नाही आणि या पाच महिन्यांत मी सगळ्यात जास्त विचार कशाचा केला असेल तर त्या द्वारपालाचा.

हाताने लिहितोय, ते पण मराठीत, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. इंग्लिश मीडियमचं पोरगं आहे, 'ळ' काढायला अजून दोनदा प्रयत्न करावा लागतो. आई समोर भाजी निवडत बसली आहे. मगाशी तिनं विचारलं, एवढं कुणाला लिहितोयस, पोरगी आहे का कोण. मी म्हटलं, खिजरला. ती म्हणाली, "लई दिवस झालं, आला न्हाई त्यो." तिला मी अजून सांगितलेलं नाही की तू कोल्हापुरात नाहीस. मलाच कळून आठ दिवस झालेत.

तू सांगितलेलं ते ड्रॅगनवाल्या पोरीचं पुस्तक मी वाचलं. तू म्हणाला होतास, पहिली शंभर पानं शिव्या घालशील आणि मग जेवायचं विसरशील. तसंच झालं. शेवटी तो म्हातारा नकाशावाला मरतो तिथं मला फोन उचलून तुला सांगावंसं वाटलं, आणि हात फोनपर्यंत गेला पण. त्या बदल्यात मी तुला एक सांगतो, आरशांच्या गावाचं. लेखक कुणालाच माहीत नाही, मला महाद्वार रोडला एका बंद होणाऱ्या दुकानात मिळालं. सुरुवात एकदम भारी आहे, मध्ये जरा ढेपाळतं, पण त्यातला नदीवरचा बाजार तू वाचच. तू असतास तर त्या चॅप्टरच्या शेजारी पेन्सिलीनं नक्की लिहिलं असतंस, "ह्यो आपला जनावरांचा बाजार की."

आपली ओळखच मुळात हात आपटून झाली. बाळासोंच्या उचगावच्या गोडाऊनमध्ये, दहावीच्या गाईडांच्या ढिगात, 'लँटर्न्स ऑफ ओम्ब्रथ'चा पहिला भाग होता. माझा हात पुढच्या कव्हरवर आणि तुझा मागच्या. मी तुझ्या निळ्या कंपनीच्या शर्टाकडं बघितलं, छातीवर कागल एमआयडीसीतल्या कारखान्याचं नाव, आणि मी काय बोललो ते मला आठवतंय. मी म्हणालो, दादा, हे इंग्लिश आहे. तू म्हणालास, "मग? अक्षरं काय चावत्यात?" बाळासोंनी पुस्तक दोघांच्या हातातून काढून तराजूवर ठेवलं आणि सांगितलं, दोघं मिळून ठरवा, नाहीतर वजनात घालतो. तिथंच आपला नियम झाला. ज्याला सापडेल तो आधी वाचणार, आणि वाचायच्या आधी पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिणार, आधी कोण. तू माझं नाव विचारलंस, 'आधी अन्या' असं लिहिलंस आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलंस. परीक्षा होती म्हणून मी ते दोन महिने ठेवलं. तू एकदापण मागितलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, तुला फार घाई नसेल. नंतर कळलं की तेवढ्या वेळात तू मोबाईलमध्ये डिक्शनरी टाकून दुसरी तीन पुस्तकं संपवली होतीस, सराव म्हणून.

आणि राधानगरी. दुसरा भाग देशभरात कुठं मिळत नाही म्हणून आपण रडत होतो आणि तो निघाला धरणावरनं रिटायर झालेल्या उदयसिंहकाकांच्या कपाटात. पुस्तक उंबऱ्याबाहेर जाणार नाही, वाचायचं तर इथं बसून वाचा, असं म्हणाले. मग आपण सहा रविवार गेलो. पाऊस असा की पत्र्याच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, बुटात जळवा, आणि ओसरीवरच्या बाकावर एक पुस्तक दोघांच्या गुडघ्यांवर. पाऊस थांबला की तू काकांना मोठ्यानं वाचून दाखवायचास, बाकीचा वेळ आपापलं. माझं पान आधी संपायचं. मी विचारायचो, झालं? तू बोट ओळीवर ठेवून, मान वर न करता म्हणायचास, "हाय अजून." मी थांबायचो. त्या सहा रविवारांत मी ते "हाय अजून" हजार वेळा तरी ऐकलं असेल. पहिल्या रविवारी मला वैताग आला होता. सहाव्या रविवारी मी मुद्दाम हळू वाचत होतो.

परवा फोन केला होता काकांना. त्यांना आता एका डोळ्यानं नीट दिसत नाही. विचारत होते, तो मशीनवाला मुलगा कसा आहे, मोठ्यानं वाचून दाखवायचा तो. मी बरा आहे म्हणालो. मला माहीत नव्हतं तरी म्हणालो.

तू मोठ्यानं वाचायचास त्यात एक शब्द होता. तो शब्द मला आता लिहायलाच पाहिजे. सर डोरव्हिन knight, म्हणजे चिलखतातला सरदार. त्याला तू 'क्नाईट' म्हणायचास. क ला न जोडून, स्वच्छ, ठणठणीत. हा शब्द तू शेकडो वेळा वाचला होतास पण कुणाच्या तोंडून ऐकला नव्हतास. उचगावच्या मराठी शाळेत आणि नंतर आयटीआयमध्ये तो कोण म्हणणार होतं? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तुला सांगितलं नाही, कारण मला तो उच्चार आवडायचा. खोटं नाही बोलत. नाईट म्हटलं की नुसती रात्र वाटते, क्नाईट म्हटलं की चिलखत वाजतं. मी स्वतः घरी एकटा असताना तसंच म्हणायला लागलो होतो.

मग मी तुला राजारामपुरीतल्या त्या कॅफेत नेलं. आमच्या कॉलेजचा ग्रुप, महिन्यातून एकदा फँटसीवर गप्पा, सगळ्यांच्या हातात कॉफी. तू फर्स्ट शिफ्ट करून आला होतास, नखात ऑईल होतं, आणि सुरुवातीला अर्धा तास तू काही बोलला नाहीस. नंतर ग्रुपमधल्या स्वप्नालीनं विचारलं, कुणी ओम्ब्रथ वाचलंय का. आणि तू सुरू झालास. खिजर, तू दहा मिनिटं बोललास आणि कुणी फोनकडं बघितलं नाही. तो कंदिलांचा उत्सव, तो पूल, त्या तीन थापा. मी बाजूला बसून एवढा खूश होतो की बास, हा माझा दोस्त, मी आणलाय याला. मग तू म्हणालास क्नाईट. एकदा, दोनदा, पाचदा. स्वप्नालीच्या शेजारचा एकजण तोंडावर हात ठेवून हसला. आणि मला लाज वाटली. एका सेकंदात, माझ्याच आवडत्या शब्दाची. मी म्हणालो, "अरे, के सायलेंट असतो रे. पाचवीत शिकवतात."

सगळे हसले. तू पण थोडा हसलास. म्हणालास, "असंल." मग चहा संपवलास, कप सरळ बशीत ठेवलास आणि शिफ्ट आहे म्हणून उठलास. शिफ्ट नव्हती. मला तुझ्या शिफ्टा पाठ होत्या. मी तुझ्या मागं जिन्यापर्यंत पण आलो नाही, कारण माझी दुसरी कॉफी यायची होती.

पुढच्या रविवारी तू बाळासोंकडं आला नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो नाही. मी तुला सॉरी लिहायला पाहिजे होतं, पण मी स्वतःला सांगत राहिलो की एवढ्याशा गोष्टीवर काय फुगायचं, मी खरं तेच बोललो. मग जुलैत एक दिवस मी काहीच झालं नाही अशा थाटात मेसेज टाकला, तिसरा भाग आहे का कुठं? तू उत्तर दिलं नाहीस. दोन दिवसांनी मी ग्रुपच्या पुढच्या मीटिंगचं पोस्टर पाठवलं. त्यालाही उत्तर नाही. पोस्टर पाठवणं किती माठपणाचं होतं ते मला आत्ता लिहिताना कळतंय.

आणि मग चार ऑगस्टला, जवळजवळ महिन्याभरानं, तुझा मेसेज आला. एकच शब्द. मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये होतो, स्क्रीनवर नुसतं नोटिफिकेशन बघितलं. मला वाटलं, महिनाभर मला झुलवून आता हा मला नुसतं हाय करतोय, अनोळखी माणसाला करतात तसं. मला राग आला. मलाही एक-दोन शब्दांत मारता येतं हे दाखवायचं होतं. मी इंग्लिश अक्षरांत टाईप केलं, "Hi. Kon?" आणि पाठवून दिलं. वर हसलो पण. त्यानंतर तुझ्याकडून काही आलं नाही, आणि मी तुला मानी म्हणून मोकळा झालो.

गेल्या रविवारी मी पाच महिन्यांनी उचगावला गेलो. सवय म्हणून गेलो असं समज. बाळासो वर बघून म्हणाले, "या पावणं." कधी मला अनेकांतराव सोडून दुसरं काही म्हणत नव्हते, त्या दिवशी पावणं. मी विचारलं, काय नवीन. ते म्हणाले, "नवीन काय न्हाय, जुनंच हाय तुमचं एक." तराजूच्या मागच्या फळीवरनं त्यांनी खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तिसरा भाग. कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लेला, बाकी एकदम नीट. मला हात लावायचं धाडस होईना.

बाळासो सांगत होते. ऑगस्टमध्ये गडहिंग्लजकडनं कुठल्यातरी बंद पडलेल्या वाचनालयाची रद्दी आली होती, दोन टेम्पो. तू सेकंड शिफ्टच्या आधी रोज येऊन ढीग उपसत होतास. चौथ्या दिवशी सापडलं. "दोन आईतवार हितं पोत्यावर बसून हुता. म्या म्हणलं, आरं वाच की, वाट कुणाची बघायलास? तर म्हणला, न्हाय, त्यो आल्यावर. म्या म्हणलं, त्येला म्हाईत तर हाय का? तर म्हणला, व्हय, कळवलंय की म्या त्येला, हाय म्हणून."

हाय म्हणून.

मी तिथंच उभा राहून फोन काढला. आपल्या चॅटमध्ये मागं मागं गेलो. माझा प्रश्न, तिसरा भाग आहे का कुठं. खाली ते पोस्टर. त्याच्या खाली तू, देवनागरीत, दोनच अक्षरांत. हाय. आणि त्याच्या खाली मी. बाळासोंनी विचारलं, काय झालं, घाम का आलाय. मी फोन खिशात टाकला. तुझ्या तोंडून मी हा शब्द हजारदा ऐकलेला, लिहिलेला कधीच वाचला नव्हता. तू तो दुसरा शब्द, क्नाईट, हजारदा वाचलेला, ऐकला कधीच नव्हतास. तुझ्यावर हसायला आख्खा कॅफे होता. माझ्यावर हसायला कुणी नव्हतं, म्हणून मला कळायला एवढे दिवस लागले. तू मला चिडवायचास ना, "नाव अनेकांत, आणि अर्थ काढतोस एकच." आजोबांनी एवढं विचार करून नाव ठेवलं होतं, की एका गोष्टीला पुष्कळ बाजू असतात म्हणून. मला दोन अक्षरांच्या दोन बाजू दिसल्या नाहीत.

आणि तू म्हणाला होतास, द्वारपालानं आतनं निदान विचारायचं तरी, कोण हाय. मी विचारलं की. कोण म्हणूनच विचारलं. फक्त दार लावायला विचारलं.

बाळासो म्हणाले, जायच्या दिवशी तू पुस्तक त्यांच्याकडं ठेवलंस आणि सांगितलंस, आला तर द्या, नाही आला तर वजनात घाला. "पुस्तक वजनात घालायला मला काय धाड भरलीया?" असं ते मलाच रागावून म्हणाले, जसं काही मीच तसं सांगितलं होतं. कुठं गेला विचारलं तर म्हणाले, घरात विचारा, मी काय एसटी स्टँड नाही.

तुझ्या घरी गेलो. दाराशी चपला काढून उभा राहिलो, पुढं पाय उचलेना. आतनं चाचींचा, तुझ्या आईचा, आवाज आला, "आत ये की. दारात हुबा ऱ्हायला पोस्टमन हाईस व्हय?" तू लांब दक्षिणेत होसूरला गेल्याचं त्यांनी सांगितलं, नवीन कंपनी, पाच अ‍ॅक्सिसचं मशीन, रूमवर चौघं, भात खाऊन कंटाळलाय. तुझे वडील, मौलाचाचा, झोपले होते. चाचींनी चहा दिला आणि मी पिईपर्यंत माझ्याकडं बघत बसल्या. मग विचारलं, "भांडलाय काय रं दोघं?" मी म्हटलं, भांडलो नाही. तर म्हणाल्या, "मग भांडा की. गप बसून काय हुतंय?" तुझा नवीन नंबर द्यायला लागल्या. मी म्हटलं, नंबर नको, पत्ता द्या. त्यांना ते विचित्र वाटलं असणार. पण फोनवर मी परत काहीतरी दोन अक्षरांचं वाचीन आणि परत काहीतरी दोन शब्दांचं पाठवीन, याची मला भीती वाटली. म्हटलं, यावेळी एवढं लिहायचं की चुकीचं वाचायला जागाच राहू नये.

म्हणून हे पत्र. तुझ्या चार ऑगस्टच्या मेसेजचं हे उत्तर आहे, चार महिने उशिरा. पार्सलमध्ये पत्राच्या खाली तिसरा भाग आहे. पहिल्या पानावर तुझ्या पेन्सिलीनं लिहिलेलं मी बघितलं, 'आधी अन्या'. सापडलं तुला, ढीग तू उपसलास, आणि तरी आधी मी. समासात तू नेहमी लिहून ठेवतोस तसा एकपण कठीण शब्द नाही, म्हणजे खरंच एक पान वाचलं नाहीस. मीपण वाचलेलं नाही. आठ दिवस टेबलावर आहे, मी फक्त कव्हर पुसलं. 'आधी अन्या' मी खोडलं नाही, ते मला तसंच पाहिजे. त्याच्या खाली 'आधी खिजर' लिहिलंय. तुझं 'क्नाईट' मात्र तसंच ठेव. पाचवीत जे शिकवतात त्यानं चिलखत वाजत नाही. तू ईदला येशील तेव्हा राधानगरीला जाऊ, काकांना मोठ्यानं वाचून दाखवू. तू वाच, मी ऐकतो. मी विचारीन झालं का, आणि तू सांगशील तेवढा थांबीन. आत्ता फक्त पहिलं पान उघड आणि मला कळव. बाहेरच्यानं इतक्या दिवसांनी येऊन चौथी थाप मारली तर, तुला काय वाटतं, आतला दार उघडंल का?

तुझाच, अजून पायरीवर उभा,
अन्या